एका प्रबंधाच्या आकडेमोडीतून जन्मलेला संगणक

पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचे जनक कोण, या प्रश्नाला ‘एनिअ‍ॅक’चे निर्माते मॉक्ली आणि एकर्ट, असे उत्तर अनेक वर्षे दिले जात होते. १९७३ साली अमेरिकेतील एका न्यायालयाने हे उत्तर नाकारले आणि डॉ. जॉन व्हिन्सेंट अ‍ॅटानासॉफ यांचे नाव जगासमोर आले. विद्युत अभियांत्रिकीच्या या पदवीधराला अशा यंत्राची निकड प्रथम जाणवली, ती पीएच.डी.चा प्रबंध लिहिताना.

अ‍ॅटानासॉफ यांचा जन्म ४ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हॅमिल्टन येथे झाला. वडील बल्गेरियातून आलेले विद्युत अभियंता, तर आई गणिताची शिक्षिका. वडिलांनी आणलेली स्लाइड रूल नऊ वर्षांच्या जॉनने आत्मसात केली आणि तेव्हापासून गणिताची गोडी लागली. सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा अभ्यास करायचा, हे शाळेतच ठरले होते. मात्र फ्लोरिडा विद्यापीठात तो विषय नसल्याने त्यांनी विद्युत अभियांत्रिकी निवडली आणि १९२५ मध्ये पदवी घेतली. पुढच्याच वर्षी आयोवा स्टेट कॉलेजातून त्यांनी गणितात पदव्युत्तर पदवी मिळवली. डॉक्टरेटसाठी ते विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले. या तिन्ही संस्था राज्य शासनाच्या होत्या.

प्रबंधाचा विषय होता, हेलियमचा परावैद्युत स्थिरांक. सिद्धांत मांडून झाला, तरी उत्तर काढण्यासाठी मन्रो बनावटीच्या गणनयंत्रावर कित्येक आठवडे आकडेमोड करावी लागली. १९३० मध्ये पीएच.डी. मिळाली, पण हा कंटाळवाणा अनुभव मनातून गेला नाही. आयोवात अध्यापक म्हणून परतल्यावर तीच अडचण त्यांच्या विद्यार्थ्यांपुढेही उभी होती. अनेक अज्ञात राशींची समीकरणे सोडवण्यात संशोधनाचा मोलाचा वेळ जात असे.

१९३७ च्या हिवाळ्यात एका रात्री, विचारांचा गुंता सुटेना म्हणून ते मोटार घेऊन निघाले आणि सुमारे तीनशे किलोमीटर अंतर कापून इलिनॉय राज्यातील एका मद्यगृहात थांबले. तेथे यंत्राचा आराखडा मनात पक्का झाला. गणन इलेक्ट्रॉनिक नलिकांनी करायचे, दशमानाऐवजी द्विमान पद्धत वापरायची आणि आकडे कपॅसिटरमध्ये साठवून त्यांचा विद्युतभार ठरावीक वेळाने पुन्हा भरत राहायचे. आजच्या संगणकांतील डीरॅम स्मृतीही याच तत्त्वावर चालते.

१९३९ मध्ये कॉलेजने ६५० डॉलर मंजूर केले. क्लिफर्ड बेरी हा विद्युत अभियांत्रिकीचा विद्यार्थी मदतीला आला आणि त्याच वर्षी प्राथमिक नमुना तयार झाला. सुमारे तीनशे नलिकांचे पूर्ण यंत्र १९४२ पर्यंत उभे राहिले. २९ समीकरणे सोडवण्यासाठी त्याची रचना होती. मात्र पत्रे छिद्रित करून वाचणारा भाग अधूनमधून चुकत असे. ते दोष दूर होण्याआधीच महायुद्धामुळे दोघेही आयोवा सोडून गेले. कॉलेजने पेटंटचा अर्ज कधी दाखल केलाच नाही आणि १९४८ मध्ये यंत्र मोडीत निघाले.

दरम्यान, जून १९४१ मध्ये जॉन मॉक्ली काही दिवस अ‍ॅटानासॉफ यांच्या घरी राहिले होते. त्यांनी यंत्र पाहिले आणि त्याचे टिपणही वाचले. १९४६ मध्ये ‘एनिअ‍ॅक’ प्रसिद्धीस आले. त्याच्या पेटंटवरून हनीवेल आणि स्पेरी रँड या कंपन्यांत खटला उभा राहिला. १९ ऑक्टोबर १९७३ रोजी न्यायमूर्ती अर्ल लार्सन यांनी ते पेटंट रद्द केले आणि मूळ कल्पना अ‍ॅटानासॉफ यांची असल्याचा निर्वाळा दिला. दुसऱ्याच दिवशी वॉटरगेट प्रकरणाने कळस गाठल्याने या निकालाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

श्रेयाचा वाद इतिहासकारांत आजही आहे. ‘एनिअ‍ॅक’ कितीतरी मोठे आणि विविध कामे करणारे होते, हेही खरेच. अ‍ॅटानासॉफ यांना १९९० मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. १५ जून १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. बेरी यांच्या वाट्याला मात्र हा न्याय आला नाही. निकालाच्या दहा वर्षे आधीच, १९६३ मध्ये, त्यांचा मृत्यू झाला होता.