वडीलपणाचा मान आणि मायकल फॅरेडे

कारखाना असो की छापखाना, एक कुरबुर सर्वत्र ऐकू येते. जुन्या कारागिरास वाटते, आपण आधी लागलो, तेव्हा मान आपला. नव्यास वाटते, ज्याचे काम चांगले त्याचा मान. आपल्या मंडळ्यांतही हा वाद कधीकधी डोके वर काढतो. म्हणून मायकल फॅरेडे यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी झाला. शाळा जेमतेम झाली. पुढे सात वर्षे त्यांनी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केली व बांधणीस आलेली पुस्तके वाचून ज्ञान मिळविले. १८१२ साली त्यांनी नामांकित रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, टिपणे स्वच्छ लिहून व स्वतः बांधून त्यांच्याकडे पाठविली. १८१३ साली डेव्हींनी त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतले. त्यानंतरच्या यूरोपच्या प्रवासात फॅरेडेंना हुजऱ्याचेही काम करावे लागले. ते त्यांनी निमूटपणे केले.

डेव्ही जवळजवळ तेरा वर्षांनी वडील. परंतु शिष्याचा हात गुरूच्या पुढे जाऊ लागला. १८२१ साली फॅरेडेंनी वीज वाहणारी तार चुंबकाभोवती फिरवून दाखविली. १८२३ साली रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी त्यांचे नाव आले, तेव्हा अध्यक्ष असलेल्या डेव्हींनीच विरोध केला. मतदानात विरोधी मत एकच पडले व फॅरेडे निवडले गेले. १८३१ साली चुंबकाच्या साहाय्याने वीज उत्पन्न करून त्यांनी आजच्या जनित्राचा पाया घातला. अधिकाराने अडविले, पण कामाने वाट काढली.

आता दुसरी बाजू पाहू. आपल्याला दार उघडून देणाऱ्या डेव्हींचे उपकार फॅरेडे विसरले नाहीत. पुढे रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे चालून आले, तेही त्यांनी नाकारले.

ते सँडेमनियन नावाच्या एका लहानशा मंडळीचे सभासद होते. १८४० साली ते तेथे वडील झाले. १८४४ साली मंडळीने त्यांना काही आठवडे बाहेर ठेवले व वडीलपणही गेले. तेव्हा त्यांची कीर्ती यूरोपभर पसरलेली होती. तरीही ते परत येऊन साध्या सभासदांत बसले, आणि सोळा वर्षांनी, १८६० साली, मंडळीने त्यांना पुन्हा वडील निवडले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते प्रभूमध्ये निजले.

आम्हांस वाटते, यात दोघांनाही बोध आहे. केवळ वर्षे मोजून मान मागू नये; पौलाने तरुण तीमथ्यावर मंडळीचा भार सोपविला, हे वडिलांनी ध्यानात ठेवावे. आणि ज्याच्या हाताखाली आपण शिकलो, त्याच्या उणिवा दिसल्या तरी त्याचे ऋण मानावे, हे तरुणांनी शिकावे. संडे स्कूलच्या शिक्षकांनो, आपल्या वर्गातील एखादे मूल उद्या आपल्यापुढे जाईल. त्या दिवशी आनंद मानण्याची कृपा प्रभू आपणांस देवो.