अपुरे राहिलेले ख्रिस्तायन

दिंडोरी तालुक्यातील आमच्या वाचकांस नाशिकची वाट नित्याची आहे. त्या नाशिकाजवळ गोदातीरी जलालपूर म्हणून एक गाव आहे. तेथील गोखल्यांच्या घरी 1868 साली मनकर्णिका नावाची कन्या जन्मास आली. वडिलांचे सोवळे इतके कडक की, बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावे लागे. धुतल्यावर मीठ किती उरत असेल, ते आमच्या भगिनींनीच ताडावे! हीच कन्या पुढे कवी नारायण वामन टिळक यांची पत्नी लक्ष्मीबाई झाली.

टिळक जन्माने कोकणातील करजगावचे. परंतु संस्कृत विद्या त्यांस नाशकास गणेशशास्त्री लेल्यांपाशी लाभली. विवाहानंतरही ते एका ठिकाणी फार काळ टिकले नाहीत. 1893 साली आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि संसार दुभंगला. लहानग्या दत्तूस घेऊन लक्ष्मीबाई पंढरपुरी नातलगांच्या आश्रयास राहिल्या. पती जिवंत असूनही नाही, अशी ती अवस्था. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या, पतीने घरीच अक्षरओळख करून दिलेल्या या बाईस त्या दुःखातच पद्ये सुचू लागली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

काही वर्षांनी उभयतांची पुन्हा भेट झाली. 1900 साली राहुरी येथे लक्ष्मीबाईंनीही प्रभूचा स्वीकार केला, आणि ज्यांच्या हातचे पाणी पूर्वी चालत नसे, त्यांची सेवा त्या करू लागल्या.

1909 साली टिळकांनी ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य आरंभिले व त्यास ख्रिस्तायन असे नाव दिले. कामे मात्र अनेक. 1917 साली त्यांनी देवाचा दरबार स्थापन केला, आणि दोन वर्षे होतात न होतात तोच, 9 मे 1919 रोजी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले. ख्रिस्तायनाचे दहा-अकरा अध्याय काय ते हाती होते. दरबार नवा, काव्य अर्धेही नाही, वय अवघे सत्तावन्न. असा सेवक प्रभूने अशा वेळी का न्यावा, हा प्रश्न तेव्हा किती विश्वासू जनांच्या मनात उठला असेल! तो विचारण्यात पाप आहे असे आम्हांस वाटत नाही. स्तोत्रकर्त्यांनीही असे प्रश्न विचारले आहेत.

देवाचा मनोदय आम्हांस ठाऊक आहे, असा आव आम्ही आणीत नाही. परंतु ज्याला सहस्र वर्षे कालच्या दिवसासारखी, त्याची मोजणी आमच्या पंचांगाप्रमाणे चालत नाही, एवढे खरे. आम्ही टिळकांचे अपुरे अध्याय मोजीत बसलो. त्याने मात्र पंढरपुरी अश्रू ढाळणाऱ्या त्या स्त्रीची तयारी वीस वर्षांपूर्वीच आरंभिली होती, असे आम्ही मानतो.

लक्ष्मीबाईंनी ख्रिस्तायन पुढे चालविले. एकदोन नव्हे, चौसष्ट अध्याय त्यांनी स्वतः रचून ते पूर्ण केले. विश्वास म्हणजे दुःख न वाटणे, असे कोणी समजत असतील तर त्यांनी त्यांची 'स्मृतिचित्रे' अवश्य वाचावी. त्यांत ही बाई रडते, पतीशी भांडते, स्वतःच्या फजितीवर पोट धरून हसते; काही अपत्ये लहानपणीच गेली, तो घावही लपवीत नाही. आणि तरीही दुसऱ्या दिवशी उठून हाती असलेल्या कामास लागते. आमच्या मते हा विश्वास मोठमोठ्या प्रवचनांहून अधिक मोलाचा आहे.

24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंनी देह ठेवला. ख्रिस्तायन छापून निघाले ते 1938 साली. ते हाती घेऊन उघडण्यास तेव्हा दोघांपैकी कोणीही येथे नव्हते.