विल्यम डी मॉर्गन आणि धातुवर्णी झिलई

डी मॉर्गन हे नाव आपल्याकडील विद्यार्थ्याला गणिताच्या पाठ्यपुस्तकातून परिचित असते. ज्यांचे दोन नियम तेथे शिकविले जातात ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ मध्ये मदुरेस जन्मले. दिल्लीच्या मास्टर रामचंद्रांचा महत्तम-लघुतम मूल्यांविषयीचा ग्रंथ १८५९ मध्ये लंडनहून पुन्हा प्रसिद्ध झाला तोही त्यांच्याच पुढाकाराने. त्याच वर्षी त्यांचा मुलगा विल्यम लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या कलाशाळेत दाखल झाला. गणितज्ञाच्या घरातील मुलाने चित्रकार व्हावे आणि अखेरीस त्याने रसायनाच्या दारात जाऊन उभे राहावे, असा हा प्रवास आहे.

विल्यम यांचा जन्म १६ नोव्हेंबर १८३९ चा. चित्रकलेत आपले फारसे चालणार नाही हे त्यांनी लवकर ओळखले. विल्यम मॉरिस यांच्या मंडळींशी स्नेह जुळल्यावर ते रंगीत काचेच्या खिडक्यांची कामे करू लागले. काचेला पिवळा रंग द्यावयाचा तो चांदीच्या संयुगाने. हा रंग भाजताना काचेवर कधी कधी मोरपिसासारखी झळाळी उमटते, हे त्यांच्या ध्यानात आले. इतरांनी तो दोष मानून सोडून दिला असता. विल्यम यांनी तीच झळाळी मातीच्या भांड्यावर आणण्याचा ध्यास घेतला. १८७२ मध्ये या प्रयोगांपायी राहत्या घराच्या छपराला आग लागली आणि त्यांना चेल्सीत बिऱ्हाड हलवावे लागले.

अशी भांडी नवव्या शतकात इराकमध्ये घडत होती. पुढे ही विद्या इजिप्त, इराण, स्पेन आणि इटली येथे पोहोचली. काशानच्या कुंभार घराण्यातील अबुल कासिम यांनी १३०१ मध्ये तिची कृती लिहून ठेवली, तर सोळाव्या शतकात इटलीच्या पिकोलपास्सो यांनी भट्टीचे वर्णन केले. म्हणजे ही विद्या गुप्त होती असे म्हणता येत नाही. ती कागदावर होती. हातात मात्र राहिली नव्हती. एकोणिसाव्या शतकात इटलीतील काही कारागिरांनी ती पुन्हा साधली होती, आणि आपण पहिले पुनःशोधक असल्याचा दावा विल्यम यांनी केला नाही. १८९२ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये व्याख्यान देऊन त्यांनी आपली रीत सर्वांसमोर मांडली. धंद्याच्या दृष्टीने हा अव्यवहारच, पण पित्याचा वारसा येथे दिसतो.

रीत ऐकावयास सोपी आहे. भांडे झिलई देऊन आधी पक्के भाजून घ्यावयाचे. त्यावर तांब्याची वा चांदीची संयुगे माती किंवा गेरूत कालवून नक्षी काढावयाची आणि मंद लालसर आचेवर, सुमारे ६०० अंश सेल्सिअसला, पुन्हा भाजावयाचे. या वेळी भट्टीत धूर कोंडावयाचा. उष्णतेने झिलई किंचित मऊ होते. धातूचे आयन तिच्यातील सोडियम-पोटॅशियमच्या आयनांची जागा घेत आत शिरतात. प्राणवायूच्या अभावी त्यांचे क्षपण होऊन शुद्ध धातूचे कण बनतात. भांडे बाहेर येते तेव्हा मातकट, ओशाळवाणे दिसते. वरची राख-माती पुसली की खाली सोनेरी, माणकासारखा लाल वा हिरवट रंग चमकतो. धूर कमी पडला तर रंग येत नाही, जास्त झाला तर काळवंडतो. भट्टीत पाहण्याचे भोक आणि अनुभव याखेरीज आधार नसे.

हा रंग का येतो, हे विल्यम यांना कळणे शक्य नव्हते. पात्रावर धातूचा पत्रा वा वर्ख नसतो. पृष्ठभागाच्या लगत खाली, एका मायक्रॉनहूनही पातळ थरात, काही नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंतचे कण विखुरलेले असतात. त्यांतील इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर झुलतात आणि ठरावीक रंग शोषतात. चांदी निळा-जांभळा शोषून पिवळी छटा देते, तांबे हिरवा शोषून लाल. कण दाटीवाटीने असले की धातूची झळाळी येते. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्याला लाल करतात हे फॅरडे यांनी १८५७ मध्ये दाखविले होते. त्याचे गणित गुस्ताफ मी यांनी १९०८ मध्ये मांडले. विल्यम यांचा कारखाना १९०७ मध्येच बंद झाला होता. झिलईतील कण प्रत्यक्ष पाहावयास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी यावा लागला.

कारखाना तोट्यातच चालला. चेल्सीहून मर्टन ॲबी, तेथून १८८८ मध्ये फुलम अशी त्याची स्थलांतरे झाली. चित्रकार पत्नी एव्हलिन यांचाही पैसा त्यात गेला. प्रकृतीसाठी विल्यम हिवाळे फ्लॉरेन्समध्ये काढीत आणि तेथून नक्षीचे आराखडे लंडनला पाठवीत. मग १९०६ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ‘जोसेफ व्हॅन्स’ ही त्यांची पहिली कादंबरी आली आणि तीस वर्षांच्या भट्टीने जे दिले नाही ते द्रव्य लेखणीने थोड्या वर्षांत दिले. साहित्याचा अभ्यासक म्हणून मला या कादंबऱ्यांविषयी ममत्व आहे. तरीही डिकन्सच्या सावलीत वाढलेल्या या ऐसपैस कथा आज क्वचितच कोणी उघडतो, त्यांच्या थाळ्यांपुढे मात्र लोक थांबतात.

१५ जानेवारी १९१७ रोजी ते निवर्तले. एव्हलिन १९१९ मध्ये गेल्या. त्यांची धाकटी बहीण विल्हेल्मिना स्टर्लिंग या दोघांच्या कलाकृती जमवीत राहिल्या आणि १९६५ मध्ये, नव्व्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाल्यावर तो संग्रह विश्वस्त निधीकडे गेला.