ना प्लस, ना मायनस

अॅडमिशनच्या दिवशी तुम्ही चुकून दुसऱ्याच विषयाच्या टेबलासमोर जाऊन बसलात, तर काय कराल? ‘सॉरी सर’ म्हणून उठाल आणि शेजारच्या टेबलाकडे जाल. १९०८ मध्ये मँचेस्टरमधल्या एका मुलाला तेवढंही जमलं नव्हतं. त्याला शिकायचं होतं गणित, पण मुलाखत सुरू झाली फिजिक्सची. समोरच्यांना चूक सांगायची हिंमतच होईना. मग काय, गप्प बसला आणि फिजिक्सवाला झाला! त्या लाजाळू मुलाचं नाव जेम्स चॅडविक. अणूच्या केंद्रकात दडलेला न्यूट्रॉन पुढे याच मुलानं शोधला.

जेम्सचा जन्म २० ऑक्टोबर १८९१ चा, इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यातल्या बॉलिंग्टनचा. वडील सूतगिरणीत कामाला, आई लोकांच्या घरी काम करायची. आईवडील पोटासाठी मँचेस्टरला गेले, तेव्हा तो आजी-आजोबांकडे राहिला. मँचेस्टरच्या एका नामांकित शाळेची स्कॉलरशिप त्याला मिळाली होती, पण वरची थोडीशी फी भरणंही घरच्यांना झेपणारं नव्हतं. ती शाळा सुटली, शिक्षण मात्र सुटलं नाही. विद्यापीठात रोज घरून चालत जायचा आणि चालतच परत यायचा. तिथे त्याला सर भेटले ते थेट अर्नेस्ट रदरफोर्ड.

१९१३ मध्ये स्कॉलरशिप घेऊन जेम्स बर्लिनला गेला. वर्षभरात पहिलं महायुद्ध पेटलं आणि इंग्रज म्हणून त्याची रवानगी रूलेबेनच्या छावणीत झाली. ही छावणी म्हणजे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. राहायचं कुठे? तबेल्यात! ऐन विशीतली चार वर्षं अशी गेली. पण गडी स्वस्थ बसला नाही. तेव्हा जर्मनीत चक्क किरणोत्सारी टूथपेस्ट विकत मिळायची. तीच मागवून त्यानं तबेल्यात प्रयोग सुरू केले. सोबत चार्ल्स एलिस नावाचा लष्करी शिक्षण घेणारा तरुण कैदेत होता. जेम्सच्या नादानं तोही पुढे फिजिसिस्ट झाला.

सुटका झाल्यावर चॅडविक १९१९ मध्ये रदरफोर्ड यांच्यापाठोपाठ केंब्रिजच्या कॅव्हेंडिश लॅबमध्ये गेले. तिथे एक कोडं सगळ्यांना छळत होतं. हेलियमच्या केंद्रकावर दोन प्रोटॉनइतका चार्ज, पण वजन मात्र चार प्रोटॉनइतकं. मग उरलेलं वजन कुणाचं? चार्ज नसलेला एखादा कण असावा, असा अंदाज रदरफोर्ड यांनी १९२० मध्येच मांडला होता. पुढची कित्येक वर्षं चॅडविक त्याच्या मागावर होते. एकामागून एक प्रयोग फसले. चार्ज नसलेला कण सापडणार तरी कसा? तेव्हाची उपकरणं कण ओळखायची ती चार्जच्या खुणांवरूनच.

जानेवारी १९३२ मध्ये पॅरिसहून एक बातमी आली. बेरिलियममधून निघणारे विचित्र किरण मेणावर सोडले, की त्यातून प्रोटॉन वेगानं बाहेर उडतात, असं इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी या जोडप्याला दिसलं होतं. हे गॅमा किरण असावेत, असं त्यांना वाटलं. चॅडविक यांना ते पटेना. कॅरम आठवा. सोंगटी स्ट्रायकरनं उडते, फुंकर मारून नाही. गॅमा किरणांना वस्तुमान नसतं. प्रोटॉनला असा दणका द्यायचा, तर त्याच्याच वजनाचं काहीतरी हवं. रात्रंदिवस खपून त्यांनी प्रयोग केले आणि १७ फेब्रुवारीला ‘नेचर’ला पत्र धाडलं. जगाला न्यूट्रॉन मिळाला, चॅडविक यांना १९३५ चं नोबेल.

या कणाची खासियत हीच, की तो ना प्लस, ना मायनस. केंद्रक त्याला दूर ढकलत नाही, म्हणून तो सरळ आत घुसतो. हाडांच्या स्कॅनसाठी रुग्णाला टोचतात ते टेक्नेशियम ज्या मॉलिब्डेनम-९९ पासून मिळतं, ते अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या जोरावर बनतं. कॅन्सरच्या एका उपचारात आधी गाठीत बोरॉन पोचवतात, मग न्यूट्रॉन सोडतात. बोरॉन फुटतो आणि जवळजवळ तेवढीच पेशी मारतो. डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी जपाननं २०२० मध्ये याला मान्यता दिली. आपल्या मुंबईत, ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीतही औषधोपचारासाठी लागणारे समस्थानिक तयार होतात. आणि ऐका, न्यूट्रॉन सापडला त्या वर्षी होमी भाभा केंब्रिजमध्येच शिकत होते!

पण केंद्रकात सहज घुसणारा कण केंद्रक फोडूही शकतो. १९३८ च्या अखेरीस जर्मनीत युरेनियम फुटलं. चॅडविक तेव्हा लिव्हरपूलला प्राध्यापक होते. १९४१ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी अहवाल लिहिताना त्यांच्या लक्षात आलं, की अणुबॉम्ब नुसता शक्यच नाही, तो आता टळणार नाही. जर्मनीनं आधी बनवला तर? ही भीतीही होतीच. त्यांनी काम सोडलं नाही. अमेरिकेतल्या मॅनहॅटन प्रकल्पात ब्रिटिश पथकाचं नेतृत्व त्यांनीच केलं. पण झोप उडाली ती उडालीच. १९४१ मध्ये सुरू झालेल्या झोपेच्या गोळ्या पुढे २८ वर्षं सुटल्या नाहीत, असं त्यांनी म्हातारपणी सांगितलं.

१९४८ मध्ये ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजचे प्रमुख झाले. भाभा याच कॉलेजचे विद्यार्थी. २४ जुलै १९७४ ला चॅडविक गेले.

तुम्ही आज कोडिंग करत असाल, लॅबमध्ये असाल नाहीतर एआयवर काहीतरी बनवत असाल. उद्या त्याचं कोण काय करेल, ते तुमच्या हातात नसेल. चॅडविक यांच्याही नव्हतं. पण म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत, एवढं लक्षात ठेवा.