पावाच्या बदल्यात अक्षरं

अमेरिकेचा इतिहास म्हटलं की आपल्याला वॉशिंग्टन, लिंकन आठवतात. मला मात्र आधी आठवतो पाव देऊन अक्षरं मिळवणारा एक गुलाम पोरगा, फ्रेडरिक डग्लस.

१८१८ साली मेरीलँडमध्ये तो जन्मला. बाल्टिमोरच्या मालकिणीने त्याला मुळाक्षरं शिकवायला घेतली. मालकाने ते बंद पाडलं. शिकलेला गुलाम ताब्यात राहत नाही, ही त्याची धास्ती. पोराने नेमकं तेच हेरलं. गल्लीतल्या गोऱ्या मुलांना पाव देऊन तो वाचायला शिकला आणि १८३८ मध्ये खलाशाच्या वेषात पळाला.

पुढे डग्लस यांनी आत्मचरित्र लिहिलं, वृत्तपत्र काढलं. देशाची राज्यघटना गुलामगिरीच्या बाजूची आहे, असं ते आधी मानत. अभ्यासाअंती १८५१ मध्ये त्यांनी मत बदललं. घटना स्वातंत्र्याचीच आहे, ती राबवून घेतली पाहिजे, असं ते सांगू लागले. १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांनाच.

२० फेब्रुवारी १८९५ रोजी स्त्रियांच्या हक्कांच्या सभेहून घरी आल्यावर डग्लस गेले. वॉशिंग्टनमधलं ते घर सरकारने जतन केलं आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर त्यांची कागदपत्रं घरबसल्या पाहता येतात. एखाद्या रविवारी मुलांना ती जरूर दाखवा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हक्कांची यादी असते. ती वाचता येण्यासाठी एका मुलाने आपल्या वाटचा पाव दिला होता, हेही त्यांना कळू द्या.