बर्नार्ड पालिसी कुंभार

मातीचे भांडे हे गरिबाच्या घरचे धन होय. परंतु साध्या भाजलेल्या मातीतून पाणी पाझरते. म्हणूनच उन्हाळ्यात माठातले पाणी गार राहते, आणि म्हणूनच लोणचे किंवा तेल त्यात नीट टिकत नाही. लोणच्याच्या बरणीवर काचेसारखी झिलई असते, तिच्यातून काही पाझरत नाही. अशा झिलईच्या शोधापायी ज्याने आपल्या घराची जमीनसुद्धा जाळली, आणि पुढे विश्वासाकरिता ज्याने बंदिशाळेत प्राण सोडला, अशा एका फ्रेंच कुंभाराचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

बर्नार्ड पालिसी हा इ. स. १५१० च्या सुमारास नैर्ऋत्य फ्रान्सात जन्मला. लॅटिन व ग्रीक ह्या विद्वानांच्या भाषा त्यास येत नव्हत्या. काचेवर चित्रे काढणे व जमिनीची मोजणी करणे हे त्याचे धंदे. तरुणपणी पुष्कळ प्रवास करून तो सेंत नावाच्या गावी बायकामुलांसह स्थायिक झाला. तेथे एके दिवशी पांढऱ्याशुभ्र झिलईचा एक मातीचा पेला त्याच्या दृष्टीस पडला, आणि तेव्हापासून त्यास दुसरे काही सुचेना. इटलीतील कारागिरांस ही विद्या अवगत होती, परंतु त्या काळी कोणी आपली कृती परक्यास सांगत नसे. पालिसीस तर माती कशी मळावी हेही ठाऊक नव्हते.

त्याने मडकी विकत आणून फोडली. कथील, शिसे, सुरमा, तांबे, वाळू, राख असे जे हाती लागेल ते कुटून निरनिराळ्या प्रमाणांत मिसळले, एकेका खापरीवर एकेक मिश्रण लावले, आणि कोणत्या खापरीवर काय घातले ह्याची टिपणे ठेवून ती भट्टीत घातली. शेकडो खापऱ्या वाया गेल्या. १५४३ च्या सुमारास सरकारने मिठावरील कराकरिता त्या प्रांतातील मिठागरांची मोजणी करविली. ते काम पालिसीस मिळाल्यामुळे घरात चार पैसे आले. परंतु मोजणी संपताच तो पुन्हा आपल्या खापऱ्यांकडे वळला. काच करणाऱ्यांच्या भट्टीत दोन वर्षे प्रयोग केल्यावर तीनशेहून अधिक खापऱ्यांपैकी एकीवरचा लेप वितळून पांढरा व गुळगुळीत निघाला. तेवढ्या एका खापरीवर विसंबून त्याने स्वतःची भट्टी बांधावयास घेतली. मजूर लावण्यास पैसा नव्हता, म्हणून विटा स्वतःच्या पाठीवर वाहून आणल्या.

सहा दिवस व सहा रात्री तो भट्टीपुढून हलला नाही, तरी लेप वितळेना. पुन्हा नवे मिश्रण केले, पुन्हा भांडी आणली. इतक्यात सरपण संपले. तेव्हा त्याने बागेतील वेलींचे आधार उपटून भट्टीत घातले. मग घरातील मेजे. आणि शेवटी पायाखालच्या जमिनीच्या फळ्या. गावात बोभाटा झाला की, पालिसी वेडा झाला, घर जाळीत सुटला. तो चोरून खोटी नाणी पाडतो असेही कोणी म्हणू लागले. एका कुंभारास त्याने सहा महिने मदतीस ठेविले होते. त्याचा हिशेब चुकविण्यास पैसे नव्हते, म्हणून अंगावरचे कपडे काढून त्यास दिले.

ही गोष्ट चिकाटीचा दाखला म्हणून मुलांस नेहमी सांगण्यात येते, आणि ते ठीकच आहे. परंतु त्या घरात उपाशी लेकरे होती हे आम्हांस विसरता येत नाही. ही हकीकत आपणांस कळते ती पालिसीने म्हातारपणी स्वतः लिहिली म्हणून. त्याच्या बायकोने एक ओळही लिहिली नाही. ती कजाग होती, नवऱ्यास टोचून बोलत असे, असे तिच्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. ज्या बाईच्या स्वयंपाकघरातील फळ्या भट्टीत गेल्या ती काय बोलली असेल, आणि तिने न बोलावे तरी का, ह्याचा विचार आमच्या भगिनींनीच करावा.

ह्यानंतरची एक गोष्ट आम्हांस फळ्या जाळण्याहून मोठी वाटते. एकदा भट्टी चांगली पेटली, लेप वितळला, आणि घेणेकरी सकाळपासून दाराशी येऊन बसले. परंतु भट्टीच्या गाऱ्यात गारगोट्यांचे खडे होते. ते उष्णतेने फुटले व त्यांच्या बारीक कपच्या ओल्या झिलईत जाऊन रुतल्या. भांडी दिसावयास सुरेख. पण हात फिरविला तर वस्तऱ्यासारखी कापीत. तशीच स्वस्तात द्या, आम्ही घेतो, असे म्हणणारे लोक होते. घरात तर दाणा नव्हता. पालिसीने एकही भांडे विकले नाही. सगळी फोडून टाकली. वाईट माल आपल्या नावाने बाजारात जावा हे त्यास सोसवले नाही. त्या रात्री घरात त्याचे कोणी सांत्वन केले नाही.

अशी पंधरा-सोळा वर्षे गेल्यावर त्यास यश आले. पांढऱ्या पेल्यापेक्षा त्याची कीर्ती झाली ती रंगीत ताटांमुळे. खऱ्या सरड्यांचे, बेडकांचे, मासे, साप व शिंपल्यांचे साचे घेऊन तो त्या आकृती ताटात बसवी, आणि त्यांवर हिरवी, निळी, तपकिरी झिलई देई. तबकात साप वेटोळे घालून बसला आहे असेच पाहणाऱ्यास वाटते. ह्यांपैकी काही काम आज पॅरिस येथील लूव्र संग्रहालयात आहे.

ह्याच काळात फ्रान्सात सुधारलेल्या मताचा प्रसार होत होता व पालिसीने ते मत पत्करले. सेंत येथे मंडळी कशी उभी राहिली हे त्याने लिहून ठेविले आहे. प्रारंभी नऊ-दहा गरीब कारागीर जमले. त्यांस पाळक नव्हता, म्हणून त्यांनी आपसांत पाळी लावली आणि ज्याची पाळी तो रविवारी शास्त्राचे वचन वाचून बोध करी. फिलिबेर हामेलँ नावाचा उपदेशक हातात काठी घेऊन पायी फिरत त्यांच्याकडे येई. त्यास पकडले तेव्हा पालिसी जिवाची पर्वा न करता न्यायाधीशांच्या घरी गेला व तो निरपराधी आहे असे सांगू लागला. उपयोग झाला नाही. १५५७ मध्ये बोर्दो शहरी हामेलँ ह्यास मृत्युदंड झाला.

१५६२ मध्ये धर्मयुद्ध पेटल्यावर पालिसीसही धरून बोर्दोस नेले, आणि त्याचे कामाचे घर फोडण्यात आले. त्यास वाचविले मोंमोरांसी ह्या सरदाराने, आणि हा सरदार कॅथलिक होता हे येथे सांगितलेच पाहिजे. त्याच्या बागेतील काम पालिसीच्या हाती होते. त्याच्या खटपटीने पालिसीस राजाचा कारागीर अशी पदवी मिळाली. पुढे राजमाता कॅथरीन द मेदिची हिने त्यास पॅरिसास बोलाविले व त्वीलरी बागेच्या कामावर नेमिले. १५७२ च्या संत बर्थलमयाच्या दिवशी पॅरिसात हजारो प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली. तीतून तो वाचला.

१५७५ पासून तो पॅरिसात व्याख्याने देऊ लागला. ऐकावयास येणाऱ्याने एक नाणे द्यावे. परंतु माझे बोलणे खोटे ठरविल्यास चौपट परत देईन, अशी त्याची अट होती. झऱ्यांचे पाणी हे मुरलेले पावसाचेच पाणी होय, आणि डोंगरांतील दगडी शिंपले हे एकेकाळी जिवंत असलेल्या प्राण्यांचे अवशेष होत, असे तो सांगे. वैद्य व पंडित ऐकावयास येत. ह्या दोन्ही गोष्टी आज शाळेत शिकवितात.

१५८८ मध्ये, वय ऐंशीच्या घरात असता, मत न सोडल्याबद्दल त्यास बॅस्टील किल्ल्यात कोंडिले. राजा स्वतः कोठडीत येऊन त्याच्याशी बोलला अशी एक कथा प्रसिद्ध आहे. इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवीत नाहीत, म्हणून आम्ही ती येथे देत नाही. ती वगळली तरी काही उणे होत नाही. मत बदलले असते तर दार उघडले असते. त्याने बदलले नाही, आणि १५९० च्या सुमारास हालअपेष्टांनी तो तेथेच मरण पावला. आपली दगडी वस्तूंची आवड त्याने तुरुंगातही सोडली नव्हती. पॅरिसातील रोजनिशीकार पिएर द लेत्वाल हा त्याचा स्नेही होता; त्याच्याकरिता मरतेवेळी म्हाताऱ्याने एक दगड ठेविला. ती मनुष्याची कवटी असून काळाने तिचा दगड झाला आहे, असे तो म्हणत असे. लेत्वालने तो दगड जपून ठेविला.