शिष्यवृत्ती गेली, प्रश्न मात्र उरला

नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मलेला महादेव गोविंद रानडे हा मुलगा लहानपणी इतका अबोल होता, की हा पुढे काही करील असे घरच्यांनाही वाटत नसे. वडील गोविंदराव निफाडला मामलेदार कचेरीत कारकून होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेले आणि मुलाचे बालपण कोल्हापुरात गेले. तेथील इंग्रजी शाळा संपवून १८५६ मध्ये तो मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाला. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या २१ विद्यार्थ्यांमध्ये रानडे होते आणि १८६२ च्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीतही होते. वाचनाचा सपाटा एवढा जबर, की विद्यार्थिदशेतच डोळे अधू झाले.

त्या काळी एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य होते सर अलेक्झांडर ग्रँट. अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे ते गाढे अभ्यासक, आणि विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे विचार करावा असे मानणारे शिक्षक. या ग्रँटसाहेबांच्या हाती एके दिवशी रानड्यांचा एक निबंध पडला. मराठ्यांचे राज्य आणि इंग्रजांचे राज्य यांची तुलना करून या तरुणाने काही बाबतींत मराठ्यांच्या बाजूने कौल दिला होता. प्राचार्यांनी त्याला बोलावून समज दिली. जे सरकार तुला शिकवते आहे, त्याच्यावरच दोषारोप करणे तुला शोभत नाही, असा तिचा आशय होता. एवढ्यावर भागले नाही. रानड्यांची शिष्यवृत्ती ६ महिन्यांसाठी बंद करण्यात आली.

प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या शिक्षकानेच नेमका एक प्रश्न निषिद्ध ठरवावा, यातील विसंगती उघड आहे. परंतु रानड्यांनी ग्रँट यांच्याविषयी कटुता धरली नाही. त्यांच्याविषयीचा आदर त्यांनी अखेरपर्यंत बाळगला. मात्र निबंधातला प्रश्न त्यांनी सोडला नाही. आवाज चढवून तो पुन्हा मांडण्याऐवजी पुराव्यानिशी कसा मांडता येईल, याच्या शोधाला ते लागले. त्यांच्या पुढच्या साऱ्या सार्वजनिक आयुष्याची रीत येथे दिसते.

१८६८ पासून सुमारे ३ वर्षे त्यांनी त्याच एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी आणि इतिहास शिकवला. १८७१ मध्ये न्यायखात्यात नेमणूक होऊन ते पुण्यास आले आणि वर्षभरापूर्वी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेला जाणता मार्गदर्शक लाभला. तोवर सरकारकडे अर्ज करणे म्हणजे गाऱ्हाणे मांडणे, अशीच समजूत होती. सभेने १८७२ मध्ये शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी आरंभली. शेतसारा किती, कर्ज किती, याची गावोगाव विचारपूस झाली. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेची माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडून माहिती पाठवीत होती आणि तिच्या आधारे सरकारी आकड्यांना आकड्यांनीच उत्तर दिले जात होते. रयतेला प्रश्न विचारून मिळवलेली उत्तरे राज्यकर्त्यांपुढे ठेवणे, हे त्या काळी नवेच होते. सरकारला ते रुचले नाही, यात नवल नाही.

पण एका बाबतीत या प्रश्नकर्त्याचे धैर्य कमी पडले. विधवाविवाहाला शास्त्राधार आहे, हे रानडे ग्रंथ धुंडाळून सिद्ध करीत असत. १८७३ मध्ये त्यांच्या प्रथम पत्नीचे निधन झाले. सुधारकांच्या अपेक्षेप्रमाणे त्यांनी विधवेशी विवाह करायला हवा होता. वडिलांना ते मान्य नव्हते. वडिलांचा शब्द मोडणे रानड्यांना जमले नाही आणि त्याच वर्षी बत्तिशीत प्रवेश करणाऱ्या या विद्वानाचा विवाह साताऱ्याकडील देवराष्ट्रे येथील एका लहान मुलीशी झाला. शास्त्री आणि सरकार यांना प्रश्न करणारा हा माणूस पित्यासमोर निरुत्तर राहिला. त्याबद्दल झालेली टीका अन्यायाची होती असे म्हणता येणार नाही.

ती मुलगी म्हणजेच रमाबाई. तिला अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी लग्नानंतर लगेच तिची पाटी सुरू केली. एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्या बायकांना हे शिक्षण खपत नसे. दिवसभर टोमणे ऐकायचे आणि रात्री धडा गिरवायचा, असा त्या मुलीचा क्रम झाला. सोसायचे तिने, शिकवायचे पतीने, अशी ही विषम वाटणी होती. रमाबाईंनी पुढे लिहिलेल्या आठवणींत तिचे चित्र कोणताही आव न आणता उतरले आहे.

१८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली. जन्मभूमीच्या जिल्ह्यात ते परतले ते न्यायाधीश म्हणून. पुण्यातल्या मोठ्या घरापासून दूर आल्यामुळे रमाबाईंच्या अभ्यासाला थोडी मोकळीक मिळाली. नाशिकमध्येच त्या प्रथम सार्वजनिक समारंभात पाहुण्या म्हणून उभ्या राहिल्या. त्यांचे भाषण मात्र रानड्यांनी लिहून दिले होते. शिष्याने स्वतः विचार करावा असे मानणाऱ्या गुरूने तयार मजकूर हाती द्यावा, याचे आज हसू येईल. पण जेथे गृहिणीने चारचौघांत तोंड उघडणेच आक्षेपार्ह होते, तेथे पहिले पाऊल असेच पडायचे. पुढे रानड्यांची दृष्टी मंदावत गेली, तेव्हा त्यांना वाचून दाखविण्याचे काम रमाबाईंकडे आले. पाटी गिरवणारी मुलगी आता गुरूचे डोळे झाली होती.

नाशिकला असतानाच, १८७८ मध्ये, सार्वजनिक सभेचे त्रैमासिक सुरू झाले. त्यातील बहुसंख्य लेख रानड्यांचे असत, तेही बहुधा नावाशिवाय. याच कामात पुढे त्यांना गोपाळ कृष्ण गोखले हा शिष्य मिळाला. सरकारी अहवाल वाचायचे, त्यातील आकडे ताडून पाहायचे, मग मसुदा करायचा आणि तो रानड्यांच्या नजरेखालून घालायचा. चूक सापडली की तो पुन्हा लिहायचा. एवढ्या कष्टाने सिद्ध केलेल्या अर्जांना सरकार दोन ओळींची पोच देऊन गप्प बसते, अशी खंत तरुण गोखल्यांनी एकदा बोलून दाखवली. अर्जावर नाव सरकारचे असले, तरी तो खरा लोकांसाठी आहे, त्यांना या विषयांवर विचार करण्याची सवय लागावी म्हणून तो लिहायचा, असे गुरूने त्यांना समजावले. गोखल्यांनी ही शागिर्दी १४ वर्षे केली. १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे त्यांनी दिलेली साक्ष गाजली, तिची तालीम या मसुद्यांवर झाली होती.

पाठ्यपुस्तकांनाही रानड्यांनी सवलत दिली नाही. रिकार्डो आणि मिल यांचे अर्थशास्त्र महाविद्यालयांत सर्व देशांना लागू असलेले सत्य म्हणून शिकवले जाई. इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले हे सिद्धांत हिंदुस्थानला कितपत लागू पडतात, असा प्रश्न त्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात उपस्थित केला. परीक्षेत उपयोगी न पडणारा हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढेच मांडला गेला, हे विशेष. दोन वर्षांनी त्यांनी परीक्षापद्धतीलाच हात घातला. तरुण पदवीधर अकाली का मरतात, हे त्यांनी विद्यापीठाच्या नोंदी पाहून तपासले आणि एकाच वेळी सर्व विषयांत उत्तीर्ण होण्याच्या सक्तीकडे बोट दाखवले. उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागू नये, असा त्यांचा आग्रह होता. स्वतःच्या अधू डोळ्यांचा अनुभव त्यामागे नसेलच असे नाही.

१८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. दिवस खटल्यांत जाई, उरलेला वेळ बखरी आणि पेशव्यांच्या रोजनिशांत. मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रँट डफ या इतिहासकाराने मराठ्यांच्या उदयाला सह्याद्रीतील वणव्याची उपमा दिली होती. वणवा लागायला आधी रान तयार असावे लागते, ते कोणी तयार केले, असा रानड्यांचा सवाल होता. उत्तर शोधताना ते संतांपर्यंत आणि भाषेपर्यंत पोहोचले. त्यांच्या काही निष्कर्षांवर पुढच्या इतिहासकारांनी हरकती घेतल्या आहेत. तरीही मराठ्यांच्या राज्याची गंभीरपणे दखल घेतली पाहिजे, ही गोष्ट एका ग्रँटने विद्यार्थ्याला लिहू दिली नव्हती आणि दुसऱ्या ग्रँटच्या ग्रंथाला उत्तर देताना तीच जवळजवळ ४० वर्षांनी पुस्तकरूपाने समोर आली.

हा ग्रंथाचा पहिला भाग होता. १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, रानड्यांचे मुंबईत निधन झाले. दुसरा भाग लिहायचा राहून गेला.